पुण्यस्मरणाची पुस्तिका

वर्षश्राद्धाच्या निमित्तानें छापलेल्या लहान पुस्तिका आमच्याकडे अधूनमधून येत असतात. गेल्या दोन महिन्यांत अशा तीन आल्या. तिन्हींचा कागद उत्तम, छपाई सुबक. पहिल्या पानावर छायाचित्र, त्याखालीं जन्ममृत्यूच्या तारखा, मग गीतेंतील कांहीं श्लोक आणि पुढें आप्तांनीं वाहिलेली आदरांजलि. आम्हीं तिन्ही पुस्तिका आरंभापासून शेवटपर्यंत वाचल्या, आणि मिटून ठेवतांना ध्यानांत आलें कीं, एकीचीं पानें दुसरींत घातलीं असतीं तरी कोणास कळलें नसतें. तिघांहि दिवंगतांविषयीं ते प्रेमळ, कर्तव्यदक्ष, धर्मनिष्ठ होते असें लिहिलें होतें. तसे ते असतीलहि. परंतु त्यांपैकीं एकहि मनुष्य आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला नाहीं.

कोणास दोष देण्याचा आमचा अधिकार नाहीं. कारण याहून मोठी चूक आमच्याच घरीं झाली आहे. आमच्या थोरल्या काकू निवर्तल्या तेव्हां त्यांचें वय नव्वदीच्या घरांत होतें. जवळजवळ सगळा जन्म त्यांनीं आमचें स्वयंपाकघर सांभाळलें. वर्षश्राद्धाच्या आधीं पुतण्यांनीं पुस्तिकेची जुळवाजुळव आरंभिली, आणि पहिल्याच ओळीला लेखणी अडली. काकूंचें माहेरचें नांव काय? माहेरचें आडनांव सर्वांस ठाऊक होतें. परंतु लग्नांत ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें नवें नांव लिहिलें जाण्यापूर्वीं त्यांना कोणत्या नांवानें हाक मारीत असत, हें घरांतील एकाहि माणसाला सांगतां येईना. त्यांच्या हातचें जेवून आम्ही लहानाचे मोठे झालों. पण इतक्या वर्षांत ही गोष्ट विचारण्याचें कोणास सुचलें नव्हतें.

श्राद्धविधींत आपण पिता, पितामह आणि प्रपितामह यांचा नामगोत्रोच्चार करतों, आणि त्यांना अनुक्रमें वसु, रुद्र व आदित्य यांच्या रूपांत स्मरतों. चौथी पिढी त्या उच्चारांतून बाहेर पडते. माता, पितामही व प्रपितामही यांचें स्मरण होतें तें सासरच्या नांवानें व सासरच्या गोत्रानें. विधीची मर्यादा ती तेवढीच आहे. त्यापलीकडचें जपून ठेवणें हें घराचें काम, आणि पुस्तिकेचा खरा उपयोग तेथें आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी (1865–1887) आणि रमाबाई रानडे (1862–1924) या दोघीहि माहेरीं यमुना होत्या, आणि लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका, हें आज आपण सहज सांगतों. कारण कोणीतरी तें वेळेवर लिहून छापलें. रमाबाईंनीं न्यायमूर्ति रानड्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनीं, 1910 सालीं, आपल्या सहजीवनाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. न्यायमूर्तींच्या विद्वत्तेची साक्ष इतरत्रहि मिळते. परंतु त्यांनीं पत्नीला शिकविण्यास कसा आरंभ केला, आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून तो अभ्यास कसा चालला, हें रमाबाईंवांचून कोणी सांगितलें असतें?

म्हणून पुस्तिका काढूं इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांस आम्ही सुचवितों कीं, विशेषणें शक्य तितकीं गाळावीं आणि त्या जागीं घरच्यांनाच ठाऊक असलेली हकीकत घालावी. काकू ‘मायाळू’ होत्या हें आम्हींहि प्रथम लिहिलें होतें. मग कोणीसें म्हणालें कीं, प्रवासाला निघालेल्याच्या डब्यांत त्या मोजणीपेक्षां दोन दशम्या जास्त घालीत, आणि विचारल्यास ‘वाटेंत कुणी भेटलं तर?’ एवढेंच म्हणत. तें वाक्य आलें आणि ‘मायाळू’ हा शब्द आम्हीं खोडून टाकला. त्यांचा रागहि आम्हीं लपविला नाहीं. ताटांत अन्न टाकणाऱ्याशीं त्या दिवसभर बोलत नसत, हें वाचून नातवंडें हंसलीं आणि मग रडलीं.

कांहीं गोष्टी व्यवहाराच्या आहेत. तिथि व तारीख दोन्ही छापाव्या, आणि पडताळून छापाव्या. देहावसान मध्यरात्रीनंतर पण सूर्योदयापूर्वीं झालें असल्यास इंग्रजी तारीख बदललेली असते, पंचांगाचा वार मात्र आदल्या दिवसाचाच असतो. तिथि तर दिवसाच्या कोणत्याहि घटकेस पालटते; यास्तव मृत्यूची वेळ त्याच दिवशीं टिपून ठेवावी. आप्त काशीकडे असतील तर आणखी एक सावधगिरी हवी. आपला महिना अमावास्येस संपतो, तिकडचा पौर्णिमेस. आपला माघ वद्य पक्ष तिकडे फाल्गुन कृष्ण म्हणून ओळखला जातो. तिकडच्या पंचांगांत माघ कृष्ण शोधणारा नातलग एक महिना आधींच श्राद्ध करून मोकळा होईल! पानें दुमडून मध्यें टांचावयाचीं असल्यामुळें पृष्ठसंख्या चारच्या पटींत धरावी. संगणकावर जुळविलेल्या मजकुरांतहि चुका राहतात, तेव्हां मुद्रितें घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसास मोठ्यानें वाचून दाखवावींत. शब्दांच्या चुका तर सांपडतातच, शिवाय ऐकतां ऐकतां त्यांना जें आठवतें तें पुष्कळदां छापलेल्यापेक्षां अधिक मोलाचें असतें.

आमच्या पुस्तिकेंत ‘माहेरचें नांव’ या शब्दांपुढें आम्हीं जागा कोरी सोडली. पुतण्यांना तें कमीपणाचें वाटलें. पण अज्ञान झांकण्यापेक्षां तें कबूल करणें बरें, असें ठरलें. काकूंच्या माहेरच्या गांवीं एक प्रत टपालानें गेली. पंधरा दिवसांनीं तीच प्रत परत आली. काकूंच्या पाठच्या बहिणीनें कांपऱ्या हातानें त्या कोऱ्या जागेंत पेन्सिलीनें नांव लिहिलें होतें, आणि खालीं एक ओळ होती : ‘या नांवानें तिला हाक मारणारी आतां मी एकटीच उरलें आहें.’

तें नांव आम्ही येथें छापीत नाहीं. तें घरचें आहे. उरलेल्या सर्व प्रतींत सुनांनीं व लेकींनीं तें आपापल्या हातानें लिहिलें. ज्यांच्या घरीं अशी एखादी काकू, आजी किंवा आत्या आज बोलतीचालती आहे, त्यांनीं हा अंक मिटून आधीं तिच्याजवळ जाऊन बसावें, आणि विचारावें.