ई-चलान पोहोचते, मग रिकॉलची सूचना का पोहोचत नाही?



जुन्या वाहनांना एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाट्या बसवून घेण्यासाठी परिवहन विभागाने जो धडाका लावला, त्याच्या निम्मा तरी उत्साह सदोष गाड्यांच्या रिकॉलबाबत दाखवावा, एवढ्यासाठी हे पत्र. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांच्या मालकांना पाटीसाठी कामाला लावले, पाटी नसेल तर आरटीओतली कामे अडवण्याचे इशारे दिले. सिग्नल तोडणारा घरी पोहोचण्याआधी ई-चलानचा एसएमएस त्याच्या मोबाईलवर हजर असतो. मग ज्या गाडीत शॉर्टसर्किट होऊ शकते हे कंपनीला ठाऊक आहे, तिच्या मालकाचा तोच मोबाईल नंबर कोणाला का सापडत नाही?

याच आठवड्यात आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी सेकंडहँड घेतलेली मोटार सर्व्हिसिंगला दिली. ॲडव्हायझरने चेसिस नंबर टाकला, तेव्हा वायरिंगची रिकॉल दुरुस्ती बाकी असल्याचे स्क्रीनवर दिसले. कंपनीची पत्रे पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जात होती. आरसी यांच्या नावावर, विमा यांच्या नावावर, तरी कंपनीच्या लेखी मालक जुनाच! ‘पार्ट मागवतो, आला की फोन करू,’ असे सांगून बोळवण केली. तोवर गाडी चालवायची की नाही, यावर कोणी बोलेना. इंजिनाला कोटिंग करून घ्या, हा आग्रह मात्र जोरात.

तोवर काय करायचे हे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तर कमालच होते. सप्टेंबर 2021 मध्ये मारुतीने मोटर जनरेटर युनिटमधील संभाव्य दोषापायी 1,81,754 पेट्रोल मोटारी परत बोलावल्या. भाग बदलायला सुरुवात होणार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोपर्यंत पाणी साचलेल्या भागात गाडी नेऊ नका, अशी सूचना. पावसाळा सरलेला नसताना ठाणे-मुंबईकराने ती पाळायची कशी? त्याच वर्षी रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी भारतासह काही देशांतून 2,36,966 मोटारसायकली बोलावल्या. ऑगस्ट 2023 मध्ये महिंद्राने वायरिंग तपासण्यासाठी 1,08,306 ‘एक्सयूव्ही 700’ बोलावल्या. परत बोलावलेल्या गाड्यांचे आकडे ठळकपणे छापून येतात. त्यांतल्या दुरुस्त किती झाल्या, हा आकडा कधी छापून येतो? अमेरिकेत कंपन्यांना तो दर तिमाहीला सरकारला कळवावा लागतो आणि कोणालाही तो पाहता येतो. आपल्याकडे ‘बोलावले’ म्हटले की जबाबदारी संपली!

कायदा नाही असेही नाही. सक्तीच्या रिकॉलचे नियम एप्रिल 2021 पासून लागू आहेत, एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण वर्षाला दहा हजारांहून अधिक खपणाऱ्या मोटारीबाबत 1,250 तक्रारी जमाव्या लागतात आणि गाडी सात वर्षांहून जुनी असेल तर नियमच लागू नाही. आठव्या वर्षी वायरिंग आपोआप सुरक्षित होते, असे सरकारला वाटते काय? जुन्या गाड्या घेतो तो मध्यमवर्गीय. पाटी बसवायला त्याची गाडी आठवते, दोष काढायला मात्र नाही.

रिकॉल बाकी असल्याची नोंद ‘वाहन’ पोर्टलवर चेसिस नंबरला जोडावी, सध्याच्या मालकाला मराठीतून एसएमएस पाठवावा आणि गाडी नावावर करताना व विम्याचे नूतनीकरण करताना ती नोंद समोर यावी. यंत्रणा तयार आहे, फक्त वापरायची आहे.

तोपर्यंत सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी रंग आणि टायर पाहण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. दुरुस्ती झाल्याची लेखी नोंद मागून घ्यावी आणि रिकॉलच्या कामासाठी एक रुपयाही देऊ नये. ते काम मोफत करून देणे ही कंपनीची जबाबदारी आहे.

– एक वाहनधारक, ठाणे