जिवाणी कुठल्या विहिरीची?

परवा स्वाध्यायानंतर ग्रीनलंडच्या बर्फाचा विषय निघाला. एक काकू म्हणाल्या, "अगं, समुद्र केवढा! बर्फ वितळला तर पाण्यात पाणीच मिसळणार. त्यात काय एवढं?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

आपण पाणी गाळतो आणि जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत सोडतो. का? एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाही, म्हणून. पाणी पाणी सारखं नसतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. मग समुद्रापाशीच आपण ते कसं विसरतो?

अटलांटिकचं कोमट, खारट पाणी उत्तरेला जातं. ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपास ते गार होतं, मिठाने जड असतंच, म्हणून खोल बुडतं आणि खालून दक्षिणेला परततं. हा रहाट सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी फिरवतो. बर्फाचं पाणी मात्र गोडं, हलकं. ते मिसळलं की वरचं पाणी पुरेसं जड होत नाही, बुडणं मंदावतं. आणि ग्रीनलंड वर्षाला २०० अब्ज टनांहून जास्त बर्फ गमावतंय!

"असं कधी झालंय का?" झालंय. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत बर्फाने अडवलेलं प्रचंड सरोवर फुटून हडसन उपसागरातून अटलांटिकमध्ये गेलं. युरोप गारठला. आणि ओमानच्या गुहांतले चुन्याचे थर सांगतात, त्याच सुमारास अरबी समुद्रावरून येणारा मोसमी पाऊसही रोडावला. तिकडचा रहाट अडला, की इकडचं आभाळ बिघडतं, बायांनो. ज्या पावसावर आपला चातुर्मास उभा, तोच हा पाऊस.

"पण शास्त्रज्ञांचं तरी कुठं एकमत आहे?" वाद आहे तो किती मंदावेल, केव्हा, याचा. या शतकात मंदावण्याची दाट शक्यता २०२१ च्या आयपीसीसी अहवालाने सांगितलीच आहे. आणि आपण रात्री जेवत नाही ते काय ताटात जीव पडल्याची खात्री करून? दिसत नाही, म्हणूनच तर थांबतो!

मग पंचकल्याणकाला रात्रभर धडधडणारे जनरेटर, लग्नासाठी विमानं भरून परगावी नेलेलं वऱ्हाड, हे कुठल्या अहिंसेत बसतं? स्वयंपाकघरात गाळणं आणि दारात धूर!

येत्या चातुर्मासात आपण एकेक नियम घेऊच. हिरव्या भाजीचा घ्या, जरूर घ्या. पण जोडीला हाही घ्या: लग्न गावातच, आणि उत्सव जनरेटरशिवाय. पुरुषमंडळी कुरकुरतील. कुरकुरू देत.