आतून टक्कल!

बॉस, स्पोर्ट्‌स कार घेणं एक वेळ सोपं, ती सरळ चालवणं महाकठीण! मित्राची सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर एक्स्प्रेस वेवर सारखी डावीकडे ओढायची. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने फक्त पुढच्या चाकांचा टो सेट केला. ओढणं चालूच! मग त्याच्यासोबत स्पेशालिस्टकडे गेले.

तिथे आधी चारही टायर्सची हवा आणि सस्पेन्शनचे बुश तपासले, ड्रायव्हर सीटवर वजन ठेवलं. मग मागची चाकं आधी, पुढची नंतर! मागची तिरकी असली की गाडी खेकड्यासारखी चालते आणि स्टीअरिंग सरळ राहत नाही.

फंडा असा: टो म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर, कॅम्बर म्हणजे चाक वरून कुठे झुकलंय. हिशेब मिनिटांचा, 60 मिनिटांचा एक अंश! निगेटिव्ह कॅम्बर वळणावर पकड देतो, पण त्यात टो बाहेर गेला की टायरची आतली कड गुपचूप घासते. बाहेरून टायर टकाटक, आतून टक्कल! भर पावसात बोरघाटात हे कळून काय उपयोग?

तेव्हा दोस्तहो, बिल देण्याआधी आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा प्रिंटआउट मागा. चारही चाकांचा हं!