एक सारणी, दोन भाषा

संगणकाच्या स्मृतीत सारणी नावाची वस्तू वस्तुतः नसते. तेथे असते ती बाइटांची एकेरी रांग. दोन पंक्ती व तीन स्तंभ हा आकार आपण त्या रांगेवर कल्पनेने बसवितो. पहिल्या पंक्तीत १, २, ३ आणि दुसरीत ४, ५, ६ हे अंक असतील, तर सी भाषा ते १, २, ३, ४, ५, ६ या क्रमाने ठेवते. फोर्ट्रान भाषा स्तंभामागून स्तंभ घेत १, ४, २, ५, ३, ६ असा क्रम लावते. दोन्ही रीती निर्दोष आहेत. अनर्थ ओढवतो तो एका रीतीने मांडलेली रांग दुसऱ्या रीतीने वाचली म्हणजे. अंकांची संख्या तीच राहते, म्हणून यंत्र तक्रार करीत नाही. उत्तर मात्र चुकते.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. एफएफटीडब्ल्यू हा सी भाषेतील प्रसिद्ध आज्ञासंग्रह घ्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मात्तेओ फ्रिगो व स्टीव्हन जॉन्सन यांनी तो रचला. ध्वनीचे वा चित्राचे त्याच्या घटक लहरींत पृथक्करण करणे, हे त्याचे काम. मौज अशी, की त्याच्या गाभ्यातील सी आज्ञा लिहून काढणारी आज्ञावली ओकॅमल या भाषेत लिहिलेली आहे. फ्रान्समधील इन्रिया संस्थेत वाढलेली ही भाषा फलनप्रधान आहे. म्हणजे गणितातील फलनांप्रमाणे, दिलेल्या मूल्यापासून नवे मूल्य काढणे ही तिची सहज रीत. दोन भाषा परस्परांना किती उपकारक ठरू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

तथापि त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. ओकॅमलमध्ये स्मृतीची व्यवस्था भाषाच पाहते. निरुपयोगी झालेली जागा ती मोकळी करते आणि त्या ओघात काही मूल्ये एका ठिकाणाहून दुसरीकडे हलविते. सी भाषेला याची वार्ता नसते. तिच्या हाती असतो केवळ एक पत्ता. घर हलले आणि पत्ता जुनाच राहिला, तर ती तेथे जे सापडेल ते अंक समजून वाचते. शिवाय सीमधील फलन दिलेली सारणी खुशाल बदलू शकते. एफएफटीडब्ल्यूमध्ये तर गणनेची सर्वांत जलद रीत प्रत्यक्ष मोजून ठरविण्याचा पर्याय निवडला, तर त्या पूर्वतयारीतच सारणीतील मूळ अंक पुसले जातात.

यावर काहींचे म्हणणे असे, की सीमेवर प्रत्येक वेळी सारणीची नक्कल करावी, म्हणजे वाद मिटला. लहान सारणीपुरते हे मत मला मान्य आहे. परंतु दहा हजार पंक्ती व तितकेच स्तंभ असलेल्या सारणीत दहा कोटी संख्या असतात. प्रत्येकीस आठ बाइट धरले, तर ऐंशी कोटी बाइट होतात. नक्कल केली की तितकीच जागा आणखी हवी आणि कालव्यय होतो तो निराळाच. शिवाय क्रमाची चूक नकलेनेही टळत नाही. चुकीची रांग तशीच्या तशी उतरविली जाते.

माझ्या मते मोठी सारणी दोघांनी मिळून वापरावी, पण करार उघड असावा. ओकॅमलमधील 'बिगॅरे' ही सोय याच विचाराने घडविलेली आहे. तिच्यातील अंक न हलणाऱ्या जागेत राहतात. भाषा केवळ त्यांचे छोटेसे वर्णन आपल्याजवळ ठेवते. संख्या कोणत्या जातीच्या आहेत आणि क्रम सीचा की फोर्ट्रानचा, हे सारणीच्या प्रकारातच नमूद असते. त्यामुळे ओकॅमलच्या हद्दीत चुकीच्या क्रमाची सारणी पुढे केली, तर आज्ञावली चालण्यापूर्वीच नाकारली जाते.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. सीमधील फलनाची ओळख करून देताना त्याचा प्रकार आपण सांगतो आणि ओकॅमल तो शब्द प्रमाण मानते. पलीकडे डोकावून पाहण्याचे साधन तिच्याजवळ नाही. ती ओळ हा पुरावा नव्हे, ते वचन आहे. म्हणून अशी वचने आज्ञावलीभर विखुरलेली नसावीत. ती एकाच ठिकाणी, थोडकी आणि स्पष्ट असावीत. त्यांत तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: अंकांचा क्रम कोणता, जागा मोकळी करण्याची जबाबदारी कोणाची, आणि सारणी बदलण्याचा अधिकार कोणास. सीने एखादा पत्ता काम संपल्यावरही जपून ठेवला असेल, तर तेही सांगितले पाहिजे. कारण ओकॅमलने ती जागा तोवर मोकळी केलेली असू शकते.

आणि विद्यार्थ्यांनी एक सवय अवश्य लावून घ्यावी. सीमेची परीक्षा चौरस सारणीने कधीही करू नये. तीत पंक्ती व स्तंभ यांच्या संख्यांची अदलाबदल झाली, तरी कळत नाही. दोन पंक्ती व तीन स्तंभ घ्यावेत, त्यांत १ ते ६ अंक भरावेत, आणि पलीकडे ते कोणत्या क्रमाने पोहोचले हे डोळ्यांनी पाहावे. एवढ्याशा श्रमाने जी चूक सापडते, ती मोठ्या गणनेत शिरल्यावर शोधणे फार कठीण जाते.