भौतिकोपचाराचा व्यवसाय

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका प्रश्नावर दोन दिवस खल झाला. आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंची नात बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि भौतिकोपचार, म्हणजे लोक जिला फिजिओथेरपी म्हणतात ती विद्या, शिकण्याचा निश्चय तिनें बोलून दाखविला. ‘परक्यांचे हातपाय चोळण्याकरितां का हिला एवढें शिकविलें?’ असें वहिनी म्हणाल्या. खरें सांगावयाचें तर आमच्याही मनांत प्रथम तेंच आलें होतें.

वहिनींचा आक्षेप नवा नव्हे. लंडनमध्यें मर्दनाच्या नांवाखालीं गैरप्रकार चालतात असा बोभाटा झाला, तेव्हां १८९४ सालीं चार परिचारिकांनीं आपल्या कामाची अब्रू राखण्यासाठीं एक संस्था स्थापिली. शिक्षण व परीक्षा यांचे नियम घातले. आपल्याकडे या विद्येस पोलिओनें आणलें. मुंबईंत त्या रोगानें मुलें पांगळीं होऊं लागलीं, आणि १९५२ च्या सुमारास के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें देशांतील पहिली शाळा निघाली. पुढें आमच्या नागपुरांतही मेडिकलमध्यें हें शिक्षण सुरू झालें. पोलिओ गेला, २०१४ सालीं भारत त्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. विद्या मात्र राहिली, कारण पक्षाघात, मोडलेलीं हाडें आणि म्हातारपण हीं कोठें गेलीं आहेत?

चरकसंहितेंत व्यायाम आहे, पक्षाघातही आहे, तेव्हां हें सारें आपल्याकडे होतेंच, असें म्हणून मोकळे होणारे गृहस्थ आम्हांस नेहमीं भेटतात. (आम्ही स्वतः संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलें असल्यामुळें त्यांत आमचीही गणना होई.) परंतु ग्रंथ घरांत असून आम्हीं काय केलें तें ऐकावें.

बंधूंस अर्धांगवायु झाला तेव्हां रुग्णालयांतून घरीं पाठवितांना डाक्तरांनीं बजाविलें होतें कीं, हात दिवसांतून अनेकदां हलवावा. शिकविण्यास एक तरुणही येत असे. हात हलवितांच दादा कळवळत. तें आम्हांस पाहवेना. आठव्या दिवशीं आम्हींच त्या तरुणास येऊं नका म्हणून सांगितलें. पुढें सर्वांनीं त्यांची सेवा केली ती अशी कीं, त्यांना घांसही स्वतःच्या हातानें घेऊं दिला नाहीं. निश्चल ठेवलेला सांधा आखडतो, स्नायु आंखूड होतात. आणि मेंदूचा शाबूत राहिलेला भाग जें काम पुन्हां शिकूं शकतो, तें पहिल्या कांहीं महिन्यांतच विशेषेंकरून शिकतो, हें आम्हांस फार उशिरां कळलें. दादांची मूठ मिटली ती चौदा वर्षें मिटलेलीच राहिली. ही नात लहानपणीं त्यांचीं बोटें एकेक उलगडून आंत चिंचोका ठेवी आणि दोघेंही हसत.

हें तिनें वहिनींस सांगितलें नाहीं, आम्हींच सांगितलें. वहिनी उठून आंत गेल्या.

आतां व्यवहाराचें. चार वर्षांचा अभ्यास व त्यापुढें रुग्णालयांतील उमेदवारी असा हा पदवीचा क्रम आहे. पुढें पदव्युत्तर शिक्षणही आहे. शरीररचना व शरीरक्रिया हे विषय कसून शिकावे लागतात. प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हां ऐकीव माहितीवर न विसंबतां महाविद्यालयांत जाऊन चौकशी करावी. काम अस्थिरोगाच्या विभागांत, अतिदक्षता विभागांत श्वसनाचे व्यायाम देण्याचें, मतिमंद नव्हे तर केवळ स्नायूंवर ताबा नसलेल्या बालकांचें, खेळाडूंचें, बाळंतिणींचें, आणि घरोघरीं वृद्धांचें. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें या व्यवसायास आयोगाची चौकट मिळाली, हेंही चांगलें झालें. प्राप्तीविषयीं मात्र पालकांनीं भ्रमांत राहूं नये. खासगी रुग्णालयांत आरंभींचें वेतन बेताचें असतें, आणि स्वतःचें नांव होण्यास वर्षें लागतात. शिवाय दिवसभर उभें राहून दुसऱ्याचें ओझें पेलावें लागतें. नाजूक प्रकृतीच्या मुलामुलींनीं याचा विचार आधीं करावा.

चौथ्या दिवशीं वहिनींनीं विचारलें, ‘शुल्क किती पडेल?’ अर्ज भरला आहे. आमचा उजवा गुडघा दोन वर्षें दुखतो, त्याला रोज सकाळीं दहा वेळां ताणण्याची शिक्षा तिनें आतांपासूनच लाविली आहे, आणि मोजण्याचें काम वहिनींकडे दिलें आहे.