अदात शिंगरावर खोगीर नको

मार्गशीर्षातली दत्तजयंती आली की तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि लांबलांबून, पार राजस्थान-गुजरातहून घोडे येतात. शौकीन येतात, वरातीचा धंदा करणारे येतात, आणि अलीकडे आपले शेतकरीही हौसेने शिंगरू घेऊन घरी परततात. घोडा हा कृषी खात्याचा विषय नव्हे, पशुसंवर्धनाचा आहे, हे मान्य. पण गावात गेलं की खतांचं, फवारणीचं विचारून झाल्यावर लोक गोठ्यातलं शिंगरू दाखवतातच. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक सांगा. आपण अदात गोऱ्ह्याला नांगराला जुंपतो का? नाही. आधी हलक्या कामाला, जोडीला जुना शहाणा बैल, मग सावकाश औत. ही अक्कल आपल्या बापजाद्यांनी दिलेली आहे. मग तोच माणूस दीड वर्षाच्या शिंगरावर खोगीर टाकून डांबरी रस्त्यावर दौडत कसा सुटतो? कारण एकच. शिंगरू मोठं दिसतं.

दिसतं, पण झालेलं नसतं. घोडी साधारण अकरा महिन्यांनी विते. शिंगरू जन्मतं तेव्हा आईच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढंच असतं, पण पाय बघा, नुसते बांबू! गुडघ्याखालच्या नळीची बरीचशी लांबी ते पोटातूनच घेऊन येतं. वर्षाचं झालं की उंची पूर्ण घोड्याच्या सुमारे नव्वद टक्के होते, वजन मात्र दोनतृतीयांशाच्या आसपास. म्हणजे उंची आधी येते, भरणा मागून. उंचीसुद्धा सरळ वाढत नाही. आधी पुठ्ठा वर येतो, मग काही महिन्यांनी खांदा त्याला गाठतो, पुन्हा पुठ्ठा वर. त्या काळात जनावर उतारावर उभं असल्यासारखं दिसतं. छाती अरुंद, मान बारीक, डोकं मोठं. असं शिंगरू बेढब म्हणून पडत्या भावात विकू नका. छाती भरायला आणि मानेपाशी खांद्याचा उंचवटा नीट उठायला चौथं-पाचवं वर्ष लागतं. रंगाचंही तसंच. पुढे पांढरं होणारं कितीतरी शिंगरू जन्मतः काळपट नाहीतर तांबूस असतं.

आता मुख्य मुद्दा. हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक थर असतो, त्यातून हाड लांबत जातं. तो थर पक्का झाला की वाढ थांबते आणि हाड मजबूत होतं. घोड्यात हे काम खालून वर चालतं. खुराजवळची हाडं पहिल्या वर्षातच पक्की होतात. गुडघ्याच्या वरची जागा पक्की व्हायला अडीच वर्षं लागतात, खांद्याला तीन-साडेतीन. सगळ्यात शेवटी पाठीचा कणा, त्याला पाच वर्षं किंवा जास्तच. आणि आपण खोगीर कुठे ठेवतो? त्याच कण्यावर. पाय पक्के झाले म्हणजे घोडा तयार झाला, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

कोणी म्हणेल, साहेब, रेसचे घोडे दोन वर्षांचेच पळतात. पळतात ना. पण त्यांच्या पाठीवर पन्नास-साठ किलोचा जॉकी असतो, पायाखाली मऊ धावपट्टी असते, दिमतीला डॉक्टर असतो. एवढं करूनही त्यातले बरेच लवकर लंगडे होतात. आपल्याकडे डांबरावर, डीजेपुढे, नवरदेवासकट नाचवतात. नाच शिकवायचाच तर जनावराचं वय तरी होऊ द्या.

वय ओळखायचं दातांवरून. गाय-बैलाला वरचे पुढचे दात नसतात, घोड्याला वर-खाली दोन्हीकडे सहा-सहा असतात. अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून पक्के दात येतात, साडेतीनला त्याच्या बाजूचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड जुळतं. फसगत होते ती इथे. नऊ महिन्यांपासून दुधाचे सगळे दात आलेले असतात, आणि दोन वर्षांच्या शिंगराचं ते भरलेलं तोंड दाखवून पाच वर्षांचा म्हणून गळ्यात मारतात. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र, हिरडीपाशी बारीक. पक्का दात मोठा, पिवळसर, रेघ असलेला. बाजारात भोवऱ्यांवर तासभर खल होतो, देवमण आहे का बघतात, तोंड मात्र कोणी उघडत नाही. लाखाच्या घरातला सौदा आणि परीक्षा भोवऱ्याची! श्रद्धा असू द्या, पण आधी दात बघा.

खुराकाबाबत थोडं. यात्रेसाठी गोल दिसावं म्हणून शिंगराला हरभरा-बाजरी ठासून देऊ नका. फार वेगाने वाढवलं की सांधे सुजतात, पाय वाकडे पडतात. गव्हाच्या कोंड्यावरही भर नको. त्यात स्फुरद फार आणि कॅल्शियम कमी, त्याने हाडं ठिसूळ होतात. लसूणघास, चांगला वाळला चारा आणि मीठ द्या. दीड-दोन महिन्यांनी खूर साळून घ्या, धनुर्वाताची लस चुकवू नका. आणि पायबंद घालून दिवसभर खुंट्याला ठेवू नका. मोकळ्या रानात पळण्यानेच हाड कसदार होतं. दोन-अडीच वर्षांचं झालं की लगामाची सवय, हाताने फिरवणं हे सगळं करा. स्वार मात्र तीन वर्षांनंतर, तोही हलका आणि थोडा वेळ. पूर्ण काम पाचव्या वर्षी.

ग्रामपंचायती आणि यात्रा समित्यांना एक विनंती. सौद्याची पावती फाडताना वयाचा रकाना विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर भरू नका. पशुवैद्यकाकडून दात तपासून भरा. नाचाच्या आणि धावण्याच्या स्पर्धेत निदान चार पक्के दात न आलेलं जनावर उतरवू देऊ नका. यात पैसा लागत नाही, बाजाराच्या दिवशी एक माणूस बसवावा लागतो. आणि शिंगरू आधीच घेतलं असेल, तर आज संध्याकाळी चारा टाकताना त्याचा ओठ वर करून बघा. दोन पक्के दात दिसले नाहीत, तर खोगीर माळ्यावर ठेवून द्या.