शाल-श्रीफळानंतर काय?

संयुक्त राष्ट्रांनी 1992 साली 3 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन म्हणून घोषित केला. तेव्हापासून या दिवसाच्या आगेमागे विशेष शाळा, दिवसभराची देखभाल केंद्रे आणि निवासी संस्था यांत कार्यक्रमांची रेलचेल असते. मुलांची नृत्ये, हस्तकलेचे प्रदर्शन, पालकांचे मनोगत आणि शेवटी कर्मचाऱ्यांचा सत्कार, असा त्यांचा साधारण क्रम. वर्षभर पडद्याआड राबणाऱ्या शिक्षिका, मदतनीस, स्वयंपाकी, वाहनचालक यांना त्या दिवशी व्यासपीठावर बोलावले जाते. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्र निघते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कारांतही पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिक व कर्मचारी यांच्यासाठी स्वतंत्र गट आहे.

हा गौरव अनाठायी नाही. ज्या कामाकडे समाजाचे सहसा लक्ष जात नाही, त्याची दखल घेतली जाणे आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो सत्कारमूर्ती पुढच्या वर्षी त्याच केंद्रात असेल का, हा. दिव्यांग सेवेचे यशापयश बऱ्याच अंशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

हातातले ज्ञान

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तींच्या केंद्रातील काम बाहेरून पाहणाऱ्याला सोपे वाटते. मुलाला भरवणे, स्वच्छतागृहात नेणे, हात धरून चालवणे, एवढेच त्याला दिसते. प्रत्यक्षात गिळण्यास त्रास होणाऱ्या मुलाला कोणत्या स्थितीत बसवून, किती लहान घास द्यायचा, याला कौशल्य लागते. चूक झाली तर अन्नकण श्वसनमार्गात जाऊ शकतो. फिट येण्यापूर्वीची अस्वस्थता ओळखणे, गोंगाटाने बिथरलेल्या तरुणाला न दटावता शांत करणे, हे एका दिवसाच्या प्रशिक्षणाने साधत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब संवादाची. ज्या व्यक्तीला बोलता येत नाही, तिची ‘हो’ आणि ‘नाही’ सांगण्याची रीत तिच्यापुरतीच असते. नजरेची एक हालचाल, हाताची एक खूण यांचा अर्थ रोजच्या सहवासातून कळतो. हे ज्ञान नोंदवहीत फारसे उतरत नाही. अशी मदतनीस अधिक पगाराच्या कामासाठी निघून गेली की संस्थेच्या लेखी एक पद रिकामे होते, पण त्या व्यक्तीची जणू वाचाच हरपते. नवी मदतनीस येईपर्यंत आणि तिला खुणा उमगेपर्यंत कित्येक महिने जातात. पालकांना याचा अनुभव चांगलाच असतो.

हक्क कागदावर

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील कलम 5 दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क देते. त्यांना विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती होऊ नये आणि वैयक्तिक साहाय्यासह आवश्यक सेवा त्यांच्यापर्यंत पोहोचाव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असे त्यात म्हटले आहे. कलम 24 मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. कलम 47 काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाविषयी बोलते. म्हणजे दिव्यांगाचे सामाजिक जीवन आधार देणाऱ्या माणसावाचून शक्य नाही, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

तथापि या माणसाची सेवास्थिती कशी असावी, याबाबत व्यवस्था मोघम राहते. विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट यांना निदान पदनाम, पात्रता व भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रश्नात लक्ष घातले. प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हे प्रमाण त्यानंतर अधिसूचित झाले. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना अशी पदे निर्माण करण्याचे निर्देशही दिले. मदतनिसांच्या वाट्याला असे काही आलेले नाही. नॅशनल ट्रस्टने ‘सहयोगी’ या योजनेद्वारे काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाचा विचार केला होता. पण प्रशिक्षण घेतलेल्याला त्या बदल्यात कोणते पद आणि कोणती वेतनश्रेणी मिळणार, हा प्रश्न उरतोच.

याचे एक मूळ ‘मानधन’ या शब्दात आहे. अनुदानावर चालणाऱ्या सेवांत वेतनाऐवजी मानधन दिले जाते. शब्दात मान आहे. मात्र त्यासोबत वेतनवाढ, रजा आणि निवृत्तीनंतरची तरतूद येईलच याची शाश्वती नाही. अनुदानाचा हप्ता लांबला की संस्था चालकांचीही कोंडी होते आणि पहिला फटका सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला बसतो. गोव्यात बालरथांचे चालक व मदतनीस यांनी वेतन आणि सेवासुरक्षेसाठी केलेली आंदोलने अद्याप विस्मरणात गेलेली नाहीत. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला, तेव्हा मानधनाच्या नावाखाली सेवालाभ नाकारता येत नाहीत हेच अधोरेखित झाले. दिव्यांग सेवेतील मदतनिसांनाही हे तत्त्व लावून पाहण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत दिव्यांगांना प्रत्यक्ष आधार देणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबरमध्ये स्वतंत्र सन्मान सप्ताह पाळला जातो. तरीही तेथील अलीकडच्या पाहण्यांत वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास आढळले आहे. नुसत्या सन्मानाने माणसे टिकत नाहीत, हा त्याचा अर्थ.

उत्सवापलीकडचे दिवस

गोव्याने या क्षेत्रात पुढाकार घेतला आहे, हे मान्य करावे लागेल. जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय आवृत्ती पार पडली. दिव्यांग सक्षमीकरणासाठी राज्यात स्वतंत्र खातेही आहे. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे 33 हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. राज्याचा आटोपशीर आकार पाहता प्रत्येकापर्यंत पोहोचणे येथे अशक्य नाही.

परंतु समाजजीवन म्हणजे केवळ महोत्सव नव्हे. गावच्या जत्रेला जाणे, शिगम्याची मिरवणूक पाहणे, बाजारात स्वतः पैसे देऊन वस्तू घेणे, ग्रामसभेत बसणे, यांतून माणूस गावचा होतो. त्यासाठी कोणीतरी सोबत असावे लागते. निवासी केंद्रांत ही अडचण चवथीला प्रकर्षाने जाणवते. प्रत्येक कर्मचाऱ्याला मूळ घरी जायचे असते आणि ते स्वाभाविक आहे; पण मागे राहिलेल्यांजवळ कोणीतरी थांबावेच लागते. राखीव मनुष्यबळ नसेल तर एकाची रजा म्हणजे दुसऱ्याची दुप्पट पाळी, असे समीकरण होते.

शालेय वय संपल्यावर प्रश्न आणखी बिकट होतो. कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क 18 वर्षांपर्यंत दिला आहे. त्यानंतर अनेक तरुण पुन्हा घराच्या चार भिंतींत जातात. आई-वडील थकत जातात आणि ‘आमच्यानंतर काय?’ ही चिंता घर करते. प्रौढांसाठी केंद्रे वाढवायची, तर त्यांत टिकून राहणारी माणसे आधी तयार करावी लागतील.

गौरवाला आशय हवा

काही गोष्टी मोठ्या खर्चाविना होऊ शकतात. सत्कारासाठी निवड करताना सेवा घेणाऱ्या दिव्यांगांचे मत विचारावे. ज्यांना बोलता येत नाही, त्यांनाही चित्रे व खुणांच्या आधारे पसंती सांगता येते. शिक्षकांबरोबर स्वयंपाकी, सफाई कर्मचारी व चालक यांचाही त्यात विचार व्हावा. काही गोष्टींसाठी मात्र अंदाजपत्रकात तरतूद लागेल. मदतनिसाचे पद अनुदान नियमांत स्पष्टपणे नमूद करणे, त्यासाठीचे वेतन किमान वेतनापेक्षा कमी नसावे हे पाहणे, अनुभव व प्रशिक्षणानुसार बढतीची पायरी ठेवणे आणि रजेच्या काळासाठी राखीव कर्मचारी नेमणे, ही त्याची सुरुवात ठरेल. अनुदान वेळेवर देणे हा तर प्रशासनाचा साधा शिस्तीचा भाग आहे.

दिव्यांगांच्या सेवेला ‘पुण्यकर्म’ म्हणण्याची आपली सवय जुनी आहे. तीत आदर आहे, तशी पळवाटही आहे. पुण्याचा मोबदला मागू नये, असे त्यातून सुचवले जाते. हे काम कौशल्याचे आहे आणि त्याचा मोबदला हा उपकार नव्हे. येत्या 3 डिसेंबरला व्यासपीठावरून गौरवाचे शब्द उच्चारताना मागच्या वर्षी सत्कार झालेल्यांपैकी किती जण अजून सेवेत आहेत, याचा हिशेबही संस्थांनी आणि सरकारने मांडावा. दिव्यांग मुलांच्या पालकांच्या दृष्टीने शालीपेक्षा तो आकडा अधिक मोलाचा आहे.